आईच्या तोंडाची चव गेली ते वर्ष

आवळीभोजनाचा स्वयंपाक करायची जबाबदारी आईवर कोणी टाकली नव्हती. ती तिनं आपणहून घेतली होती, आणि एकदा घेतल्यावर दुसऱ्या कोणाला तिथं हात लावू दिला नव्हता. हिंगण्याच्या रस्त्याला तेव्हा आमची वस्ती नवीनच झाली होती. एका ओळीत सहा घरं, पुढं मोकळं मैदान, मागं तुरीचं शेत. सहाही घरांतले पुरुष हिंगण्याच्या कारखान्यांत कामाला आणि बहुतेक जण कंपनीच्या एकाच बसनं जाणारे, त्यामुळे घरं वेगळी असली तरी सगळ्यांची सकाळ एकाच भोंग्यावर व्हायची. कार्तिकातल्या एका रविवारी ही सहा घरची माणसं, लेकरंबाळं धरून तीस-पस्तीस जण, एसटीनं काटोलला जायची. तिथून कोसभर चाललं की शेवंताकाकूंच्या भावाचा संत्र्याचा बगीचा लागायचा. शेवंताकाकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. त्या बगीच्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आवळ्याचं एक मोठं झाड होतं. बायांनी त्याची पूजा करायची, मग त्याच्या विरळ सावलीत सतरंज्या अंथरून सगळ्यांनी जेवायचं, दुपारभर संत्री सोलत गप्पा मारायच्या आणि संध्याकाळी परत यायचं. एवढाच तो सण. पण आमच्या घरात त्याची तयारी लग्नघरासारखी चालायची.

आई भिवापूरकडच्या शेतकऱ्याची लेक. हाताला चव होती आणि ती आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. आवळीभोजनाच्या दोन दिवस आधीपासून आमच्या घरी पाय ठेवायला जागा नसायची. एका कोपऱ्यात पुरण शिजतंय, दुसरीकडे पाटवडी थापून ठेवलीय, मी खाली बसून सांबार निवडतेय. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लग्नानंतर पुण्याच्या एका पाहुणीला मी सांबारवडी वाढली, तर ती बराच वेळ वडीवर ओतायच्या पातळ सांबाराची वाट बघत बसली होती.) पुरणाच्या पोळ्या, वडाभात, पाटवडीचा रस्सा, भरली वांगी, कढी असं सगळं ती एकटी करायची. पहाटेला ते गंजांत, म्हणजे मोठ्या पातेल्यांत, आणि डब्यांत भरायचं, फडक्यांनी बांधायचं आणि एसटीच्या टपावर चढवायचं. पंगतीत आई स्वतः कधी बसत नसे. पदर खोचून वाढत राहायची आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. तेवढ्यानंच तिचं पोट भरत असावं. मी एकटीच लेक, त्यामुळे तिच्या हाताखाली मीच. "पाय, असं करायचं," (पाय म्हणजे बघ) म्हणून ती सगळं दाखवायची, पण करू मात्र द्यायची नाही.

मी नववीत होते त्या वर्षी, पावसाळ्यात, आईला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ती अंथरुणावर होती. केस गळाले, गाल बसले, आवाज बारीक झाला. शेवंताकाकू रोज भाताची पेज आणून द्यायच्या आणि बाबा कंपनीतून आल्यावर तिच्या उशाशी बसून राहायचे. बाबा मुळातच कमी बोलणारे, त्या दिवसांत तर अजिबातच बोलेनासे झाले होते. ताप उतरला आणि आई भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली, तेव्हा आम्हा दोघांना दिवाळी लवकर आल्यासारखं वाटलं. तापाबरोबर तिच्या तोंडाची चव गेली होती. वासही कळत नव्हता. काही खाल्लं तरी मातीसारखं लागते, म्हणायची. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. त्याची आईनं फार काळजी केली नाही. "जीभ गेली त गेली, हात तं आहे ना माहा," असं म्हणून तिनं पहिल्याच दिवशी वांग्याची भाजी टाकली.

त्या भाजीत मीठच नव्हतं. मी पहिला घास घेतला आणि तोंड वर केलं, तर बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि शांतपणे पूर्ण ताट संपवलं. दुसऱ्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं होतं. तेही त्यांनी संपवलं, वर दोन तांबे पाणी प्यायले. आज मला कळतं की हाताला माप असतं खरं, पण मीठ टाकलं की नाही हे आई चाखूनच ठरवायची. जीभच गेल्यावर हात एकटा पडला, आणि तापानं मनही जरा विसराळू झालं होतं. बाबांनी मला मैदानात नेऊन सांगितलं, "तुह्या आईले काही बोलू नको. आत्ताच तं उठून बसली."

"पण बाबा, किती खारट होतं!"

"होऊ दे. आपुन खाऊ."

मग मी माझा मार्ग काढला. आई पाठमोरी झाली की मी पळीभर उचलून चाखायची, आणि मीठ कमी असलं तर चिमूट टाकून द्यायची. जास्त झालं असलं तर पाणी किंवा उकडलेला बटाटा. ती विचारायची, "कसं झालं वं?" मी म्हणायची, "छान." असे दोन महिने गेले. चोरून केलेल्या कामाचा मला हळूहळू अभिमानसुद्धा वाटायला लागला होता. फक्त बाबांच्या डब्याला माझा हात पोचत नसे, कारण डबा भरायच्या वेळी मी नळावर रांगेत उभी असायची.

कार्तिक लागला आणि एका रविवारी सकाळी देवरावकाका आले. ते ओळीतल्या शेवटच्या घरात राहायचे, बाबांच्याच खात्यात कामाला होते आणि दुपारी बाबांच्या शेजारी बसून डबा खायचे. मनानं निर्मळ, पण पोटात काही ठेवता न येणारा माणूस. आवळीभोजनाचा दिवस ठरवायला आले होते. आईनं त्यांना चिवडा दिला, चहा दिला, आणि यंदा काय काय करायचं ते सांगायला लागली. पाटवडीचा रस्सा म्हणताच काका मोठ्यानं हसले.

"वैनी, रस्सा करजा, पण मीठ जरा हात राखून टाकजा बरं! परवा भाऊचा डबा चाखला, घास गिळत नव्हता. आन् त्याच्या आदल्या दिवशी त मीठच नाही. मी म्हटलं, काहून गा भाऊ, वैनी रुसल्या का? तर भाऊ म्हणते, नाही गा, मस्त आहे."

बाबा खाली मान घालून बसले होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.  आईनं देवरावकाकांच्या कपाकडे बघितलं. कप भरलेला तसाच होता.

"भाऊजी, चहात साखर आहे?"

"आहे ना वैनी... आहे थोडीशी..."

"नाही ना?"

काकांनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो बिनसाखरेचा चहा एका दमात पिऊन टाकला. काहीतरी काम आठवल्याचं सांगून ते उठून गेले. ते गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "किती दिवसाचं चालू आहे हे?"

"कायचं?"

"मले येडी समजून राहिले का तुम्ही?"

"अवं, तू आत्ताच उठली होती बिमारीतून..."

"आन् तू वं सुमे?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगून टाकलं, की तू पाठमोरी झाली की मी मीठ टाकायची. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती चुलीजवळ जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "माह्या घरात, माह्या मागं, माह्या गंजात मीठ." मग माझ्याकडे वळून, "जाय, सगळ्यांले सांगून ये. यंदा आवळीभोजन नाही म्हणा. आईची तब्येत बरी नाही म्हणा."

मी निघाले ती पहिल्याच घरी अडकले. शेवंताकाकू अंगणात उन्हात बसून तांदूळ निवडत होत्या. आईनं सांगितलेलं वाक्य मी अर्धंच बोलले आणि रडू लागले. मग जे काही होतं ते सगळं सांगून झालं. काकूंनी सूप बाजूला ठेवलं, लुगडं झटकलं, आणि म्हणाल्या, "एवढंच ना? चाल."

आई भिंतीकडे तोंड करून भांडी घासत होती. काकू तिच्याशेजारी जाऊन बसल्या. वयानं त्या मोठ्या होत्या, आईला नावानं हाक मारायच्या.

"कुसुम, आवळीभोजन काहून नाही?"

"माह्याच्यानं होत नाही बाई यंदा. खारट-आळणी खाऊ घालू का लोकांले?"

"तुले कोण म्हणते एकटीनं कर? आम्हाले हात आहेत का नाही?" काकूंचा आवाज चढला. "पाच वर्षं झाले, आम्ही माह्या भावाच्या बगीच्यात जातो, आन् मी आपली पाहुण्यासारखी जेवून येतो. लाज वाटते मले. एका वर्षी मी कढी करून आणली होती. आठवते का तुले? तू ते कोपऱ्यात ठेवून देली. कोणाले वाढली पण नाही. घरी आल्यावर मी आन् माहा नवरा दोन दिवस तेच कढी खात होतो."

आईचे हात थांबले. तिला ते आठवत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मला वाटतं तेच तिला जास्त लागलं.

"यंदा रोडगे लावू," काकू म्हणाल्या. "रोडग्याले काय लागते? जाड कणीक, गोवऱ्या आन् माणसं. एका गंजात वांग्याची भाजी. बाकी ज्याच्या घरी जे होते ते त्यानं आणावं. कोणाले दोन दिवस आधी मरायचं काम नाही."

"रोडगे? पाहुण्यांले?"

"पाहुणे कोण आहे वं तिथं?"

आई हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. त्यावरच काकू उठल्या आणि बाकीची घरं फिरून आल्या. कोणी भुईमुगाच्या शेंगा उकडून आणणार, कोणी मुरमुऱ्याचा चिवडा कच्चा कांदा वेगळा बांधून, कोणी दही आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. वांगी बगीच्यातलीच. तिखट आमच्या घरचं, कारण भिवापूरची मिरची आमच्याकडे पोत्यानं यायची. कढी अर्थातच शेवंताकाकूंची. देवरावकाकांनी गोवऱ्या पोचवायचं आपणहून कबूल केलं, आणि बाबा चक्कीवर जाऊन गहू जाडसर दळून घेऊन आले. तेही कोणी न सांगता.

आता माझ्या घरी दिवाळीला चार-पाच कुटुंबं जमतात आणि सून विचारते, आई, सगळ्यांना पुरेल आणि सोपं असं काय करू या? तिच्या मोबाइलवर अशा यादीला तोटा नाही. मी तिला म्हणते, एक पदार्थ मोठा कर, तो सगळ्यांसमोर कर, आणि बाकीचं लोकांना आणू दे. आणलेलं पहिल्यांदा वाढ. ती हसते. तिला वाटतं सासू आळशी झाली.

त्या रविवारी एसटीच्या टपावर चढवायला आमचा एकही गंज नव्हता. आई खिडकीशी पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती, दुसऱ्याच्या लग्नाला निघाल्यासारखी. बगीच्यात संत्र्यांनी फांद्या वाकल्या होत्या, बांबूचे टेकू लावले होते. पूजा झाली, नैवेद्य झाला. मग बायांनी कणीक भिजवायला घेतली, पुरुषांनी मोकळ्या जागी गोवऱ्या रचल्या, आणि आई सतरंजीवर बसून सगळं बघत राहिली. पाच वर्षांत ती त्या झाडाखाली अशी बसलेली मी पहिल्यांदा बघत होते. तिला बसता येत नव्हतं. बोटं आपोआप सतरंजीचे धागे ओढत होती.

देवरावकाकांनी गोवऱ्या पेटवल्या आणि जाळ असतानाच रोडगे आत टाकायला निघाले. आई उठलीच. "अहो भाऊजी, जाळात टाकता का? वरून कोळसा आन् आतून कच्चे! इंगळ पडू द्या आधी." ती तिथं गेली ती गेलीच. कणकेत हात घातला, दोन बोटांनी दाबून बघितली, "सैल झाली, अजून पीठ घ्या," म्हणाली. छोट्या पुऱ्या लाटून, मध्ये तेल लावून, एकावर एक ठेवून त्यांचा गोळा कसा वळायचा ते तिनं बायांना दाखवलं. आणि यावेळी दाखवून झाल्यावर गोळा त्यांच्या हातात दिला. बोटांनी ठीक वळता येत नव्हतं त्यांना, तरी काढून घेतला नाही. निखारे राखाडी झाले, रोडगे आत गेले, वरून गरम राख ओढली. पाऊण तासानं काठीनं एकेक बाहेर यायला लागला. आई प्रत्येक रोडगा फडक्यात धरून कानाजवळ न्यायची आणि बोटाच्या पेरानं ठोकायची. "हा झाला. हा नाही, टाका आत. हा झाला." लहानपणी बापाच्या शेतात शिकलेली ती परीक्षा होती, तिथं जिभेचं काही काम नव्हतं. लेकरं भोवती जमली आणि तीही ठोकून ऐकायला लागली.

मग भाजी उरली. तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती, भिवापुरी तिखटाची लाल तर्री वर आली होती. मीठ बघायची वेळ आली तेव्हा सगळ्या बायांनी सवयीनं आईकडे बघितलं. आणि मग एकेकीच्या लक्षात आलं, कारण तोवर ओळीत सगळ्यांनाच कळलं होतं.  शेवंताकाकूंनी पळीकडे हात नेला. त्याआधी आईनं पळी उचलली.

"सुमे, इकडं ये. हात कर."

मी तळहात पुढं केला. तिनं त्यावर रस्सा ओतला. चटका बसला, पण हात मागं घेतला नाही.

"चाख. आन् खोटं बोलशील तं पाय."

मी चाटलं. दोन महिन्यांच्या सवयीनं 'छान' ओठावर आलंच होतं. पस्तीस माणसं बघत होती. बाबा निखाऱ्यांजवळून उठून उभे राहिले होते. मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

"किती?"

"बरंच कमी. आन् तिखट बरोबर आहे."

आईनं मूठभर मीठ घेतलं, अर्धं टाकलं, ढवळलं, पुन्हा माझ्या हातावर ओतलं. "आता?" "अजून थोडं." तिसऱ्यांदा मी म्हटलं, "आता झालं." मग ती बायांकडे वळली. ती मोठ्यानं बोलली, "बायांनो, मले तापापासून चव कळत नाही. वासही येत नाही. सुमी सांगीन ते खरं."

मला वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. एक जण म्हणाली, माह्या सासऱ्याचंही असंच झालं होतं, वर्षभर. दुसरीनं विचारलं, मंग गोड तरी लागते का? आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, जशा बाया गुडघेदुखीबद्दल बोलतात. देवरावकाका मात्र जवळ येऊन उभे होते. "वैनी, त्या दिवशी मी बोलून गेलो... मले माहीत नव्हतं..."

"भाऊजी, या दोघांपेक्षा तुम्ही बरे," आई म्हणाली. "बसा, ताट घ्या."

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. रोडगे फडक्यानं झटकून, हातानं फोडून त्यावर तुपाची धार सोडली. वरचं कवच खुसखुशीत, आत पापुद्रे सुटलेले, त्यांतून वाफ निघत होती, आणि दाताखाली मधूनच राखेचा एखादा कण. ठेच्यानं लेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती पुन्हा मागत होती. त्या दिवशी आई पंगतीत बसली. शेवंताकाकूंनी तिला कढी वाढली आणि सवयीनं विचारून बसल्या, "कशी झाली वं?" विचारल्यावर त्यांनी जीभ चावली.

आईनं आणखी एक घोट घेतला. "गरम आहे. दाटही चांगली आहे. बाकी सुमीले विचार," म्हणाली, आणि वाटी पुन्हा पुढं केली. हसता हसता काकूंच्या हातातली कढी माझ्या पत्रावळीत सांडली. आई रोडगा खात होती तो मात्र अगदी मन लावून. मी विचारलं, तुला काही लागतंय का? ती म्हणाली, "चव नाही लागत. पण कुरकुर ऐकू येते. बरं वाटते."

पुढच्या होळीच्या सुमाराला तिला गोड कळायला लागलं, मग थोडं आंबट. मीठ कधी कळायचं, कधी नाही. वास पुन्हा आलाच नाही. आवळीभोजनाला मात्र त्यानंतर कधी पुरणाच्या पोळ्या झाल्या नाहीत. रोडगेच झाले, आणि दरवर्षी कढी शेवंताकाकूंची. घरी रोज सकाळी आई हाक मारायची, "सुमे, हात कर," आणि मी नळावरची बादली तशीच ठेवून धावत यायची. बाबांचा डबा त्यानंतर कधी बिघडला नाही.

माझं लग्न होऊन मी अमरावतीला गेले तेव्हा मला दुसरी कसली चिंता नव्हती, हीच होती. पत्रात विचारलं तर आई लिहायची, सगळं ठीक आहे. पहिल्या दिवाळसणाला चार दिवस आधीच माहेरी आले. पहाटे भांड्यांच्या आवाजानं जाग आली. उठून बघते तर बाबा कंपनीचे कपडे घालून, बसची वेळ झालेली असताना, स्वयंपाकघराच्या दारात उभे. उजवा तळहात पुढं. आईनं पळीतून थोडा रस्सा त्यावर ओतला. त्यांनी डोळे मिटून तो चाटला, जरा विचार केला.

"मीठ कमी आहे," बाबा म्हणाले.

आईनं चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं. बाबांनी हात पुन्हा पुढं केला.